वाढत्या अंगाचा फ्रॉक

"बाईमाणूस नाही म्हणे घरात! मग काय, पोरगी उपाशी मेली का?" मामा ऐरणीवरच्या कोयत्याला असा बडवत होता, की जणू ती बाईच पुढ्यात उभी आहे. साथीत आईबाप गेलेल्या पोरांची विचारपूस करणारी बाई कालच बजावून गेली होती, उद्या घरी येते, पोरीचे कपडे बांधून ठेवा, वसतिगृहात तिची नीट सोय होईल.

"मामा, कोयता वाकडा झाला," भाची म्हणाली. तिला सगळे ठिणगीच म्हणत.

"होऊ दे! मामावर गेला."

ठिणगी खुदकन हसली आणि मामाचा निम्मा राग तिथंच विझला.

आक्का, म्हणजे तिची आई, शिवणकाम करायची. आक्का आणि दाजी पाठोपाठ गेले, तेव्हा मामानं पोरीला कडेवर घेऊन घरी आणलं, सोबत आक्काचं शिलाई मशीन आणि तिनंच शिवलेला निळा फ्रॉक. वाढत्या अंगाच्या पोरीला म्हणून आक्कानं घेरात आतून दोन दुमडी घालून ठेवल्या होत्या. पोर उंच झाली की टीप उसवायची, फ्रॉक खाली येतो. मामाला शिवता येत नव्हतं, पण उसवायला काय लागतं? पोरीचे गुडघे दिसले की तो पात्याच्या टोकानं टीप काढायचा. पहिली दुमड संपली, दुसरी संपली. पुन्हा गुडघे दिसले, तेव्हा त्यानं सवयीनं फ्रॉक उलटा केला, तर आत दुमड होती. आपण कुठले शिकलेले, चुकलं असेल मोजताना, म्हणून त्यानं तीही उसवली. पुढच्या खेपेलाही होती. आतलं कापड कोरं, निळंभोर. आणि खांदे कधी आवळलेच नाहीत.

हे शेजारणीचंच काम असणार, म्हणून तो तिला दोन शब्द बरे बोलायला गेला. ती म्हणाली, "मी कशाला शिवू, दादा? तुम्ही भट्टीवर गेलात की मशीन चालतं की घरात. मला वाटलं, पोरगी शिकतेय."

पोरगी तर रोज भट्टीवर त्याच्याशेजारी असायची.

मामा शेजारणीवर उगाच डाफरून परत आला. पण त्यानंतर मशीनला तेल घालायला तो कधी विसरला नाही, आणि काम नसलं तरी भट्टीवर थोडा जास्तच रेंगाळू लागला.

सांगितल्याप्रमाणे त्या दुपारी बाई घरी आली. ठिणगीच्या गालाला हात लावून प्रेमानं म्हणाली, "गोड आहे हो पोर. पण मामा, तुम्ही दिवसभर भट्टीवर. हिचं करायला घरात आहे कोण, सांगा बरं?"

एवढं बोलून ती मशीनपुढच्या स्टुलावर टेकली. ठिणगीनं मामाचा हात घट्ट धरला. मामाचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा खाली आला.

"बाई, आधी त्या स्टुलावरून उठा."