पुढचं गिऱ्हाईक

"ही कात्री कोणाची?"

विमानतळावरच्या तपासणीवाल्या बाईंनी कात्री दोन बोटांत धरून वर केली, तसे रांगेतले सगळे उगाचच आपापले खिसे चाचपू लागले. अण्णा आपल्या अनवाणी पायांकडे बघू लागले. त्यांच्या मुलानं कात्री लगेच ओळखली. मुठीला गुंडाळलेला काळा दोरा तो लहानपणापासून बघत आला होता. झिजला की अण्णा नवा गुंडाळायचे, पण कात्री तीच.

"हातातल्या पिशवीत चालत नाही. मागे जाऊन मोठ्या सामानात टाका, नाहीतर इथेच सोडा," बाई म्हणाल्या.

मोठं सामान केव्हाच पट्ट्यावरून आत गेलं होतं. मागची माणसं खाकरायला लागली होती. मुलानं अण्णांकडे पाहिलंसुद्धा नाही. वीजबिलांच्या तक्रारखिडकीवर बसून दिवसभर ज्या आवाजात तो लोकांना 'उद्या या' म्हणायचा, त्याच आवाजात तो म्हणाला, "टाका."

कात्री डब्यात पडली. आत आधीच बाटल्या, चाकू, नेलकटर असं बरंच काही होतं, त्यामुळे धड आवाजही झाला नाही. अण्णांनी बूट चढवले, कमरेचा पट्टा बांधला आणि ते पुढे चालू लागले.

विमानात बसल्यावर मुलगा म्हणाला, "मोठ्या बॅगेत ठेवायची ना, अण्णा."

"कात्री दुसऱ्याच्या हाती देत नसतात," अण्णा म्हणाले. "ती बॅग काय, दहा जणांच्या हातून जाते." मग त्यांनी डोळे मिटले.

मुलाला वाईट वाटायला हवं होतं. पण आई गेल्यापासून त्याचं मन बराच वेळ अंगाखाली दबलेल्या हातासारखं झालं होतं. आहे आपलंच, पण आपलं वाटत नाही. लोक म्हणत, बघा, किती धीराचा आहे. धीर कसला आणि काय! त्याला काही वाटतच नव्हतं. बहिणीनं फोनवर दटावलं होतं, "दोघं घरात भुतासारखे बसता. अण्णांना समुद्र दाखवून आण. मी तिकिटं काढते." तो हो म्हणाला होता. ती नको म्हणाली असती तर तो नकोही म्हणाला असता.

अण्णांचं केस कापायचं दुकान होतं. तीन खुर्च्या, समोरासमोर आरसे, आणि गिऱ्हाईक उठलं की फडकं झटकून दाराकडे बघत दिलेली एक हाक : "चला, पुढचे कोण?" आई गेली त्याच वर्षी अण्णांचा हात थरथरू लागला. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली. तो भला माणूस हूं की चूं न करता रुमाल कानाला लावून गेला. पण पुढच्या खेपेला समोरच्या दुकानात बसलेला दिसला. त्या दिवशी अण्णांनी शटर खाली ओढलं, ते परत वर केलंच नाही.

तेव्हापासून मुलाचे केस वाढत होते. जन्मात त्याच्या डोक्याला दुसऱ्या कारागिराचा हात लागला नव्हता. कचेरीत चेष्टा व्हायची, "काय साहेब, नाटकात काम मिळालं का?" तो हसायचा. अण्णांना 'कापा' म्हणायची सोय नव्हती, आणि दुसरीकडे जाऊन कापून यायचं म्हणजे आणखी एक शटर ओढल्यासारखं झालं असतं. म्हणून दोघंही त्या केसांकडे न बघता जेवत, टीव्ही बघत आणि झोपत.

परदेशातला समुद्र निळा होता, वाळू पांढरी होती, आणि करण्यासारखं काहीही नव्हतं. हॉटेलच्या छत्रीखाली दोन आरामखुर्च्या होत्या. सकाळी तिथे बसायचं, ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवायची. लोक पाण्यात किंचाळत होते. अण्णा विजार घोट्यापर्यंत दुमडून बसले होते, पण समुद्राकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते येणाऱ्याजाणाऱ्यांची डोकी बघत होते.

"तो लाल चड्डीवाला बघ. मागून बघ. कारागीर घाईत होता."

"हं."

"आणि ही पोरगी. हिचं डोकं चांगल्या हातात आहे."

"हं."

बोलताना त्यांच्या मांडीवरचा उजवा हात थरथरत होता. डाव्या हातानं त्यांनी तो धरून ठेवला होता.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी संध्याकाळी दोघं किनाऱ्यामागच्या गल्लीतून फिरत होते. एका काचेआड केस कापायचं दुकान दिसलं. अण्णा थबकले. आतला तरुण कारागीर एका म्हाताऱ्याच्या कानामागून कात्री चालवत होता. त्यानं मान वर करून बाहेर पाहिलं, मुलाच्या डोक्यावरचं ते रान पाहिलं, आणि हसून रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं.

"जा," अण्णा म्हणाले.

"नको."

"जा म्हणतो ना. हात हलका आहे त्याचा. मी बघितलं."

"मला नाही कापायचे."

"अरे, माझ्यासाठी किती दिवस वाढवणार आहेस?"

इतके महिने ज्या गोष्टीला दोघांनी वळसा घातला होता, ती अण्णांनी भर गल्लीत काढून ठेवली होती. आतला कारागीर अजून बोट करूनच उभा होता.

"मग कात्री कशाला घेतली होती बरोबर?" मुलानं विचारलं.

अण्णांनी खाली पाहिलं. चपलेतली वाळू झटकली.

"म्हटलं, इथे आपल्याला ओळखतं कोण? वाकडंतिकडं झालं असतं तरी घरी पोचेपर्यंत थोडं भरून आलं असतं. एकदा तुझं डोकं करायचं होतं. शेवटचं. मग सोडून दिलं असतं." ते काचेपासून वळले. "जाऊ दे. गेली ती गेली."

'टाका' म्हणताना आपला आवाज कसा निघाला होता, ते मुलाला आता ऐकू आलं. त्यानं अण्णांना तिथल्या बाकावर बसवलं आणि तो कोपऱ्यावरच्या दुकानात शिरला. तिथे टोप्या, फुगवायचे हंस, वाळूचे किल्ले करायच्या बादल्या होत्या. कात्री एकाच जातीची होती : लहान मुलांची, लाल मुठीची, कागद कापायची. पुढची टोकं गोल. कानाला लागली तरी ओरखडा उठणार नाही अशी.

अण्णांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, हवेत दोनदा चालवली.

"यानं लोणी तरी कापलं जाईल का?"

"तुमचा हात आहे ना."

"हात दाखवून अवलक्षण," अण्णा म्हणाले. पण कात्री त्यांनी परत दिली नाही. खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीच्या गॅलरीत खुर्ची मांडली. हॉटेलचा पांढरा टॉवेल मुलाच्या गळ्याभोवती बसला. अण्णांनी पाण्याचा हात केसांतून फिरवला, हनुवटीला बोट लावून मान खाली केली, आणि मुलगा कुठल्याही वयाचा झाला. कात्री केस कापत नव्हती, चावत होती. मध्येच अडकायची, मध्येच एखादी बट ओढली जायची. अण्णांचं मनगट त्याच्या मानेवर टेकलं होतं आणि तिथून ती थरथर थेट त्याच्या पाठीत उतरत होती.

"दुखतंय का?"

"थोडं."

खरंच दुखत होतं. कितीतरी दिवसांनी काहीतरी दुखत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मान खाली असल्यामुळे ते सरळ टॉवेलवर पडलं. अण्णांनी पाहिलं असेल, पण गिऱ्हाईक रडत असलं तर कारागिरानं बघायचं नसतं. त्यांनी दुसरी बाजू घेतली.

पुष्कळ वेळ लागला. शेवटी अण्णांनी न्हाणीघरातला छोटा आरसा आणला आणि सवयीप्रमाणे मागून धरला. हात हलत असल्यामुळे समोरच्या काचेच्या दारात उमटलेली मान नाचत होती. तरी दिसायचं ते दिसलं : डावीकडे पायरी, उजवीकडे टक्कल पडल्यासारखा खळगा.

"बरोबर आहे?" अण्णांनी विचारलं. दुकानात विचारायचे तसंच.

"एकदम बरोबर."

त्यांनी टॉवेल सोडला आणि कठड्यावरून बाहेर झटकला. केस वाऱ्यावर उडून गेले. टॉवेल हातावर टाकून अण्णा वळले, खोलीच्या दाराकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"चला, पुढचे कोण?"

मग त्यांच्या लक्षात आलं. ते दाराकडे बघत तसेच उभे राहिले.

मुलगा खुर्चीतून उठला. खुर्चीला एक वळसा घालून परत तिच्यासमोर आला.

"मी आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा बसला.