देवाला दिलेला पत्ता

आमचे हे धर्मशास्त्राचे डॉक्टर. खोकला घेऊन दारात आलेल्या शेजाऱ्यांना एवढं समजावता समजावता माझा जन्म गेला. ख्रिस्ती माणसानं अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरलं पाहिजे, यावर ह्यांनी जाडजूड पुस्तकं लिहिली. नुसती लिहिली नाहीत, झोपड्या पाडायला आलेल्या बुलडोझरपुढे स्वतः आडवे झाले, कोठडीत जाऊन आले. म्हणून तर नवऱ्याच्या माराला भिऊन पळालेली शाळेतली एक ड्रॉइंगची बाई सरळ आमच्याकडे आली.

तिला माडीवरची खोली दिली. "मी इथं आहे हे कुणाला कळू देऊ नका, डॉक्टर. सापडले तर तो मला जिवंत सोडणार नाही." ह्यांनी शब्द दिला, आणि माणसांपुढे तो अगदी काटेकोर पाळला.

पण आमच्या चर्चमध्ये प्रार्थना पुस्तकातून वाचत नाहीत. डोळे मिटायचे आणि मनात येईल ते मोठ्यानं देवाशी बोलायचं. रविवारी हे उभे राहिले आणि रंगात आले. "हे प्रभू, आमच्या माडीवर आसऱ्याला आलेल्या, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या त्या भगिनीला तिच्या नवऱ्यापासून सांभाळ!"

अहो, देव काय परगावचा आहे, त्याला पत्ता द्यायला? मी ह्यांचा कोट ओढला, तर मी भारावले असं समजून ह्यांनी आवाज आणखी चढवला. त्या नवऱ्याची सख्खी आत्या तिसऱ्या बाकावर बसली होती, हे ह्यांच्या गावीही नव्हतं. सगळ्यांबरोबर तीही आमेन म्हणाली.

आम्ही जेवायला बसतो न बसतो तोच तिचा नवरा दारात हजर. ह्यांना ढकलून जिन्याकडे धावला. हे पायरीवर आडवे पडले. शर्ट फाटला, ओठ फुटला, पण हटले नाहीत. मी बोंब मारून गल्ली गोळा केली, तेव्हा कुठे तो शिव्या देत गेला.

वर ती कपाटामागे अंग चोरून बसली होती.

"मी... मी देवाशी बोलत होतो," हे म्हणाले.

"चारचौघांत?" तिनं एवढंच विचारलं.

पोलिसांपुढे ज्यांची मान कधी खाली गेली नाही, त्यांना तिच्याकडे बघवेना. मला तर ह्यांची बायको म्हणवून घ्यायची लाज वाटली. आणि फुटलेल्या ओठाला हळद लावताना त्या लाजेचीही लाज वाटली.

तिनं कुणाला तरी फोन करून टॅक्सी मागवली. हे बॅग उचलायला पुढे झाले, तर तिनं ती आपल्याकडे ओढून घेतली.

"कुठं जाताय? मी सोडतो ना."

"नको, डॉक्टर. सांगणार नाही."

मी तिला बाजूला घेतलं. "अगं, मला तरी सांगून जा. जिवाला घोर लागेल माझ्या."

तिनं माझा हात घट्ट धरला, आणि सोडला. "तुम्हालाही नको, काकू. तुम्ही ह्यांच्याच घरात राहता."

टॅक्सी निघून गेली तरी आम्ही दोघं दारातच उभे होतो. एकमेकांकडे बघायची सोय उरली नव्हती.