सालोमीची होडी, कप्तानाचे टेबल

मी एक जुनी होडी आहे. हे वाक्य वाचून तुम्ही हसाल, मित्रांनो, कारण पाचूबंदरच्या या शाळेत तुम्ही मला रोज टेबल म्हणून पाहता. माझ्यावर तुमच्या वह्यांचे गठ्ठे असतात, खडूंची पेटी असते, आणि गुरुजींची पाठ वळली की तुम्ही माझ्यावर कोपरे टेकता. ती कोपरे आधी काढा आणि नीट बसा. मला हे चार पाय कोणी लावले आणि कशासाठी लावले, ते मी एकदाच सांगणार आहे.

माझा जन्म १९३६ साली याच किनाऱ्यावर झाला. सेबेस्टियन नावाच्या कोळ्याने दोन वर्षे पोटाला चिमटा घेऊन सागाच्या फळ्या जमवल्या. सुताराने त्या जोडल्या, सांध्यांत कापूस ठासला आणि मला पोटभर मुशी माशाचे तेल पाजले. समुद्रात ढकलण्यापूर्वी सेबेस्टियनने एक काम सुताराला करू दिले नाही. ते त्याने स्वतःच्या हाताने केले.

झावळ्यांच्या रविवारी देवळात आशीर्वाद दिलेल्या झावळ्या मिळतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. घरातली झावळी पुढच्या वर्षी परत द्यायची, म्हणजे ती जाळून राखेच्या बुधवारी कपाळावर लावायची राख होते. सेबेस्टियनच्या घराण्यात मात्र होडीला स्वतःची झावळी असे. नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या फळीत आतून एक खड्डा कोरायचा, झावळीचा लहानसा क्रूस त्यात ठेवायचा आणि वर खुंटी ठोकायची. होडी जिवंत आहे तोवर ती झावळी आत राहणार. होडी मोडली की ती काढून फादरांच्या हाती द्यायची. सेबेस्टियन डावखुरा होता. त्याची खुंटी शंकरपाळ्याच्या आकाराची झाली आणि जराशी तिरकी बसली. त्याची बायको सालोमी हिने आपल्या लग्नाच्या लाल लुगड्याचा एक दोरा ओढून त्या क्रूसाला गुंडाळला होता. आत काय आहे, हे आम्हा तिघांनाच माहीत होते.

सहा वर्षे मी मानाने जगले. बोंबलाच्या दिवसांत माझे पोट भरून यायचे, आणि पाचूबंदरच्या बायका पाण्यात गुडघाभर उतरून माझी वाट पाहायच्या. नाळेला हात लावून तो कपाळाला टेकवल्याशिवाय सालोमीने माझ्यात कधी पाऊल ठेवले नाही. मला तशी वागणूक मिळत असे. मी ती सवयीची मानली होती.

मग १९४२ साल आले आणि त्याबरोबर कप्तान फर्डिनंड आला.

हा जवळच्या पापडी गावचा माणूस. पहिल्या महायुद्धात तो बसऱ्याला गेला होता. तिथे त्याने बंदूक हाती धरली नाही. तो कोठारात घोंगड्या मोजत असे. परत आला तो मात्र मिशा पिळतच, आणि लोक त्याला कप्तान म्हणू लागले. जपानी लढाई जवळ आली तशी त्याची किंमत वाढली. त्याने मुंबईच्या साहेबांना पत्रे लिहिली, वसईच्या किल्ल्यावर तोफा मागितल्या, अर्नाळ्यासमोर आपण पाणबुडीची पाठ डोळ्यांनी पाहिली असे छातीवर हात ठेवून सांगितले. ती पाठ एखाद्या म्हाताऱ्या माशाची असेल, असे कोळणी म्हणाल्या. पण कोळणींना कोण विचारतो? साहेबांनी त्याला किनारा संरक्षणाचा सल्लागार नेमले. त्याने पहिला सल्ला दिला तो असा, की पाचूबंदरच्या सतरा होड्या नष्ट कराव्यात, नाहीतर शत्रू त्यांत बसून मुंबईत शिरेल.

लुईझा नावाची एक म्हातारी कोळीण त्याच्या तोंडावर म्हणाली, "जपानी काय तिकडून बोंबील खायाला येनार?" लोक हसले. कप्तान हसला नाही. आठ दिवसांत हुकूम आला.

आम्हा सतरा जणींना खाडीच्या वळणापलीकडे ओढत नेले. शिपायांनी लोकांना किनाऱ्यावरच अडवले. दुपारी वळणापलीकडून काळा धूर वर आला. सेबेस्टियनने डोक्यावरची टोपी काढली आणि ती पुन्हा घातली नाही. संध्याकाळी शिपाई निघून गेल्यावर सालोमी एकटी तिथे गेली. गरम राखेच्या ढिगातून तिने ओंजळभर राख उचलली आणि चहाच्या रिकाम्या डब्यात भरली. माझी झावळी त्या राखेत आहे, असे तिने मानले.

मित्रांनो, त्या ढिगात मी नव्हते. तिथे नारळाच्या चुडती, कुजकी जाळी आणि फुटक्या टोपल्या जळाल्या होत्या. आम्हाला त्याच दुपारी फळीफळी वेगळी करून बैलगाड्यांवर चढवले, आणि पापडीला युजीनच्या वखारीत नेऊन टाकले. युजीन हा कप्तानाच्या बहिणीचा नवरा. लढाईमुळे सागाचे लाकूड कुठे मिळत नव्हते. मेहुण्याने सल्ला दिला आणि मेहुण्याला लाकूड मिळाले. माझ्या सोळा बहिणी दारे, पलंग आणि कपाटे होऊन दूरच्या गावांत गेल्या. मला युजीनने भेट म्हणून ठेवले. नाळेच्या आणि पोटाच्या फळ्या जोडून, बाहेरची बाजू रंधून वर करून, त्याने कप्तानासाठी एक रुंद टेबल बनवून घेतले. आतली बाजू खाली राहिली. माझ्या पोटाखालच्या त्या तिरक्या खुंटीकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

त्या टेबलावर कप्तानाने पहिला कागद लिहिला तो सरकारला पाठवायचा अहवाल होता. पाचूबंदरच्या सतरा होड्या जाळून पूर्णपणे नष्ट केल्या आहेत, असे त्यात होते. लेखणी माझ्या अंगावरून खरखरत गेली. माझ्या दहनाची बातमी त्याने माझ्याच पाठीवर लिहिली. त्या दिवशी मी ठरवले की मी कुजणार नाही, मला वाळवी लागणार नाही आणि माझा सांधा सुटणार नाही. मी थांबणार.

होडीवाचून सेबेस्टियन मुंबईच्या गोदीत हमाली करायला गेला. दोन वर्षांत त्याची छाती खचली आणि तो गेला. ही बातमी मी कप्तानाच्या टेबलावर ऐकली. तो पान लावत होता. सुपारी कातरताना त्याचा हात थांबला नाही.

लढाई संपली, गोरे साहेब गेले, नवे अधिकारी आले. कप्तान मात्र राहिला. शत्रू संपला की त्याला नवा शत्रू सापडे, आणि नव्या मंडळींनाही तो किनाऱ्याचा मोठा जाणकार वाटे. मुंबईहून पुढारी त्याच्या ओसरीवर येत. तो त्यांना नकाशे दाखवी आणि बोलता बोलता माझ्यावर मूठ आपटी. प्रत्येक वाक्याच्या शेवटी मूठ. त्याला वाटे, त्या आवाजाने माणसे दचकतात. दचकतही असतील. पण प्रत्येक ठोक्यागणिक माझ्या पोटाखालची खुंटी केसभर खाली सरकत होती, हे फक्त मला कळत होते. सुरुवातीला मी ती घट्ट धरून ठेवी. मग मला उमजले की ती धरायची नाही, ती सैल होऊ द्यायची. मूठ त्याचीच होती. मी फक्त हिशेबाने दात उघडत गेले.

१९५५ साली गोवा आणि दमणच्या पोर्तुगीजांवरून देश तापला होता. कप्तानाला त्याच्या आयुष्यातला सर्वांत सोयीचा शत्रू मिळाला, कारण दमण आपल्याच किनाऱ्यावर उत्तरेला आहे. त्याने नवा सल्ला तयार केला. लहान होड्यांनी खाडीबाहेर जायचे नाही; त्या सरकारने ताब्यात घ्याव्यात; मासे आणायला परवाना असलेल्या मोठ्या मोटारलाँच ठेवाव्यात. त्या लाँच कोणाच्या असणार, हे मी माझ्यावरच ऐकले होते. युजीनने दोन लाँच आधीच ठरवून ठेवल्या होत्या, आणि त्यांत कप्तानाचा अर्धा वाटा होता.

त्या होड्यांत एक होडी सालोमीच्या मुलाची, व्हिक्टरची होती. बारा वर्षे डोक्यावर टोपली घेऊन विरारच्या बाजारात बसून त्या बाईने ती उभी केली होती. ती माझी धाकटी बहीण. तिला मी कधी पाहिले नव्हते, आणि तिच्या मृत्यूचा कागद माझ्या खणात तयार होता. त्यावर फक्त मामलेदारांची शिफारस व्हायची होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, देवळातली मिस्सा आटोपल्यावर, याच शाळेत सभा ठरली. शाळेत त्या वेळी धड बाक नव्हते. कप्तान म्हणाला, माझे टेबल न्या. मला बोलायला माझे टेबल लागते. त्याच्या गर्वाने मला बैलगाडीवर चढवले. पापडीपासून पाचूबंदरपर्यंत गाडी आदळत आली, आणि तेरा वर्षांनी खारा वारा माझ्या फळ्यांत शिरला. मी घरी आले होते.

सालोमी पुढच्याच रांगेत बसली होती. तिच्या मांडीवर तो चहाचा डबा होता. राखेचा बुधवार तीन दिवसांवर होता. लोक जुन्या झावळ्या परत देत होते. सालोमीजवळ देण्यासाठी झावळी नव्हती, म्हणून ती दर वर्षी डब्यातली चिमूटभर राख फादरांना देई आणि ती सगळ्यांच्या राखेत मिसळली जाई. त्या दिवशी सभेच्या घाईत ती द्यायची राहिली होती.

मामलेदार खुर्चीवर बसले. कप्तान उभा राहिला. दमणचे फिरंगी उद्या अर्नाळ्याला उतरतील, असे म्हणून त्याने मूठ आपटली. आपल्यातलेच काही कोळी त्यांना वाट दाखवतील, असे म्हणून दुसरी आपटली. व्हिक्टर उठू लागला, तर सालोमीने त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवले. सतरा होड्या जाळून मी एकदा हा किनारा वाचवला आहे, असे म्हणून कप्तानाने तिसरी मूठ आपटली.

मी दात उघडले.

खुंटी खाली पडली, दोन उड्या मारून घरंगळत गेली आणि सालोमीच्या पायाशी थांबली. तिने ती उचलली. शंकरपाळ्याचा आकार तिने बोटांनी चाचपला, तिरकी कड अंगठ्याने पाहिली. मग ती उठली, खाली वाकली आणि माझ्या पोटाखाली हात घातला. तेरा वर्षांनी तो हात मला लागला.

ती कप्तानाला म्हणाली, "कप्तान, तुमच्या टेबलात माझी झावली हाय. ती द्या. मला देवलात पोचवायची हाय."

कप्तानाने हसून सांगितले, की बाई, हे कुठले तरी जुने लाकूड असेल. झावळी कोणाच्याही घरची असू शकते.

"मंग सांगा, आत काय हाय? तुमचं टेबल हाय ना? तुम्ही आधी सांगा."

कप्तान मिशा पिळू लागला. तेव्हा सालोमी मामलेदारांकडे वळली आणि सावकाश म्हणाली, "सायबा, आत झावलीचा क्रूस हाय. त्याला लाल दोरा हाय. माझ्या लग्नाच्या लुगड्याचा."

मामलेदारांनी मला आडवे करायला सांगितले. त्यांनी स्वतः खिशातल्या चाकूने खड्ड्यातून क्रूस काढला. तो पिवळा पडला होता. दोरा लालच होता.

लुईझा म्हातारीने मागून विचारले, "जलाली ती होरी पालवी घेऊन परत आली काय गं?" त्या दिवशी कोणी हसले नाही. मामलेदारांनी कप्तानाला एकच प्रश्न केला: जाळून नष्ट केलेल्या होडीचे टेबल कसे झाले? कप्तान मागे बसलेल्या युजीनकडे पाहू लागला, आणि युजीन दाराकडे.

इतका वेळ सालोमीचे लक्ष हातातल्या डब्याकडे होते. आता तिने झाकण उघडले. ती काय म्हणाली ते लक्षात ठेवा.

"म्हंजे ही राख माझ्या होरीची न्हवती. बारा वर्षं मी सगल्या गावाच्या कपालाला कचरा लावला. तुमच्या पन कपालाला लावला, कप्तान. हा घ्या तुमचा कचरा."

मला पुन्हा सरळ उभे केले होते, आणि तो शिफारशीचा कागद माझ्यावर पसरलेला होता. तिने सगळा डबा त्यावर उपडा केला. मामलेदारांनी कागद झटकला नाही, त्यावर सहीही केली नाही. राखेसकट त्याची घडी घातली आणि बरोबर नेला.

पुढे चौकशी झाली. कप्तानाचे सल्लागारपद गेले, लाँचचे परवाने मिळाले नाहीत, आणि पुढाऱ्यांना पापडीची वाट आठवेनाशी झाली. व्हिक्टरची होडी समुद्रात गेली, आजही जाते. कप्तान मला परत देतो म्हणाला. सालोमीने सांगितले, की परत देणारा तू कोण? ती आलीच आहे. तिने मला या शाळेत ठेवले. फादरांनी तिला समजावले, की उपवासाचा काळ आहे, त्या माणसाला क्षमा कर. ती म्हणाली, "मी करीन, फादर. होरीचं तिला इचारा."

मित्रांनो, मला कोणी विचारले नाही. विचारले असते तर मी नाही म्हटले असते.

त्या बुधवारी माझी झावळी इतर झावळ्यांबरोबर जळाली, आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा पाचूबंदरची राख खरी झाली. कप्तान येणार नाही, असे लोक म्हणत होते. पण तो आला नसता, तर घाबरला असे झाले असते. म्हणून तो आला आणि ओळीत शेवटी उभा राहिला. फादरांनी त्याच्या कपाळावर अंगठा टेकवला. ज्या होडीवर तेरा वर्षे मूठ आपटली, तिचा काळा क्रूस कपाळावर घेऊन तो भर उन्हात, साऱ्यांच्या डोळ्यांदेखत, पापडीपर्यंत चालत गेला. त्या दिवशी कपाळ पुसायचे नसते.

आता माझे मागणे ऐका. माझा पाय डुगडुगला तर पाचर ठोका. वर्षातून एकदा मला मुशीचे तेल पाजा. वास आला तर नाक धरा, पण पाजा. माझ्या पोटाखाली हात घातलात तर शंकरपाळ्याच्या आकाराचा खड्डा लागेल. तो कोणी बुजवू नये. आणि उद्या कोणी मोठ्या आवाजाचा माणूस इथे येऊन माझ्यावर मूठ आपटू लागला, तर त्याच्या तोंडाकडे बघत बसू नका. उठा, खाली वाका आणि काय पडले ते बघा.