हात लावावा असा गेंडा

मित्रांनो, गेंड्याच्या कातडीचा म्हणून माणसे ज्याचे नाव घेतात, तो मी. मात्र मी जंगलातला नव्हे; कागदाच्या लगद्याचा, आता बराच जुना झालेला गेंडा आहे. अंगावर रंगाचा टिपूसही नाही. तरी माझ्याइतका मानाचा गेंडा शोधून सापडायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म बबडीच्या हट्टातून झाला. बबडीला जन्मापासून दिसत नाही. एकदा शाळेत गेंड्याचा धडा झाला आणि घरी येऊन तिने काकूला विचारले, "गेंडा म्हणजे कसा गं?"

"मोठा. नाकावर शिंग असतं," काका मध्येच म्हणाले.

"ते बाईंनीपण सांगितलं. पण कसा?"

काकू बाइंडिंगच्या दुकानात कामाला होती. तिथे कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या तिने बादलीत भिजवल्या, उकळल्या, कुटल्या आणि घट्ट पिळल्या. त्यात मैद्याची खळ आणि खडूची भुकटी घालून लगदा मळला. बुरशी धरू नये म्हणून लवंगेच्या तेलाचे थेंबही टाकले. तारेच्या सांगाड्यावर मी थराथराने वाढलो आणि सावलीत सावकाश वाळलो. मग मला घासूनपुसून, राखाडी रंग देऊन काकूने असे काही व्हार्निश लावले की शेजारीपाजारी बघतच राहिले. मी तर हवेतच होतो.

बबडीने मला मांडीवर घेतले. तिची बोटे माझ्या पोटावरून सरसर घसरली.

"छान आहे किटली," ती म्हणाली.

कोणी हसले नाही. काकूचा चेहरा उतरला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तिथे धूळ खात मी स्वतःवरच चिडायचो. देखणा असून काय चाटायचे, जिच्यासाठी जन्मलो तिलाच मी कळलो नव्हतो.

एका दुपारी काकूने मला खाली उतरवले, डोळे घट्ट मिटले आणि माझ्यावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"अगं बाई," ती पुटपुटली, "याला मी डोळ्यांनीच घडवलाय की."

तिने सँडपेपरने माझा रंग आणि चकाकी खरवडून काढली, ताजा लगदा कालवला आणि डोळ्यांवर रुमाल बांधून कामाला बसली.

"आता स्वयंपाकही असाच का?" काकांनी विचारले.

"तुम्ही फक्त जेवायचं बघा," काकू म्हणाली.

माझ्या मानेखाली घड्या आल्या, खांद्यांवर पुटकुळ्या आल्या, पायांना नखे फुटली. शेजारीण डोकावून म्हणाली, "काय हे ध्यान." मला अजिबात वाईट वाटले नाही. खरे सांगतो, थोडेसे वाटले.

पुन्हा बबडीची मांडी. काकू दारातच उभी राहिली, जवळ यायचा तिला धीर होईना. बबडीची बोटे शिंगावर चढली, कानांच्या काठाने फिरली, मानेखालच्या घडीत शिरली आणि थांबली.

"काकू, याची कातडी याला मोठी झालीये," ती म्हणाली आणि खुदखुदली. "दादाचा स्वेटर मला मोठा होतो ना, तश्शी."

काकू आमच्याजवळ येऊन बसली आणि रडता रडता हसू लागली.

मित्रांनो, पाणी मला सोसत नाही, तेव्हा हात कोरडे करून या. उचलताना पोटाखाली हात घाला. पण जपायचे म्हणून मला काचेआड ठेवू नका. शेजारणीला माझ्यात ध्यान दिसले; बबडीला गेंडा दिसला.