नळीच्या टप्प्याबाहेर

शेगडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ती पत्र्याची, अंगणात वारा घालून फुलवायची छोटी शेगडी येत असेल. ती मी नव्हे. मी ओतीव लोखंडाची, माणसाच्या कमरेइतकी उंच. माझ्या पाठीतून निघालेला नळ भिंतीतल्या विटांच्या धुरांड्यात जातो, आणि माझे पाय स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सिमेंटात पक्के बसवलेले आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या एका खाणीच्या गावात, हुडाकांच्या घरी, मी उभी आहे ती कायमची.

मला ज्या कारखान्यात ओतलं तिथलं फारसं काही आठवत नाही. आठवतं ते दुकान. एमिल हुडाक आणि त्याची बायको ॲग्नेस घर तापवायला शेगडी निवडायला आले होते. ॲग्नेसचा जीव माझ्या शेजारणीवर जडला. ती लाकडावर चालणारी, काचेच्या दाराची, दिसायला देखणी.

“हिच्यात जाळ दिसतो रे. संध्याकाळी बघत बसू.”

“जाळ बघायचाय की ऊब हवीय? लाकूड म्हणजे भुर्रकन जळून मोकळं. रात्री उठून सारखं घालत बसशील?”

“म्हणजे दिवसभर खाणीत कोळसा, अन् घरी आल्यावरही कोळसाच!”

“त्या खाणीनंच खाऊ घातलंय आपल्याला.”

“हो ना! आता ती तुला खातेय. किती खोकतोयस बघ.”

दुकानदार हसला, एमिलही हसला, आणि त्यानं माझ्यावर हात ठेवला. मी कोळशाची. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते?

ॲग्नेसनं सुरुवातीला माझ्याशी अबोलाच धरला. पडद्यांवरची काळी धूळ झटकताना ती एमिलला म्हणायची, “आणलीस ना सवत घरात!” एमिल मात्र माझं सगळं हौसेनं करायचा. खाणीतून आला की आधी माझी राख काढायचा, मग स्वतःचे बूट. आमच्याकडचा कोळसा दगडासारखा टणक. पेटायला हट्टी, पण एकदा पेटला की निळ्या ज्योतींनी दिवसभर धगधगतो. हळूहळू ॲग्नेसही वळली. कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचं पातेलं माझ्या डोक्यावर ठेवायची आणि माझ्याकडे पाठ करून शेकत उभी राहायची. माझ्याशी मात्र बोलायची नाही.

मग एमिलला जिना चढवेना. डॉक्टर म्हणाले, कोळशाची धूळ छातीत बसलीय, ती आता निघायची नाही. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत त्याची खाट हलवली, तिथे ऑक्सिजनचं यंत्र आलं आणि एमिलच्या नाकात नळी आली. नर्सनं ॲग्नेसला बजावलं, “ऑक्सिजन सुरू आहे तिथं जाळ नाही. ही शेगडी आता बंद.”

विजेचे हीटर आले. मी गार पडले.

ती नळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच पोचायची. एमिल तिथे खुर्ची ओढून बसायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. कधी हात पुढे करायचा. तो नळीत अडकलेला, मी सिमेंटात. ज्या कोळशावर मी जगले तोच त्याच्या छातीत बसला होता, आणि तोंड फिरवायचीही मला सोय नव्हती.

एका हिवाळ्यात बर्फाचा पाऊस पडला. झाडं मोडली, विजेच्या तारा तुटल्या. भल्या सकाळी यंत्र बंद, हीटर बंद. ॲग्नेसनं एमिलला जादा ठेवलेल्या सिलिंडरवर घेतलं आणि रुग्णवाहिकेसाठी फोन केला. उत्तर आलं, रस्ते बंद आहेत, दुपारपर्यंत कळ काढा. नळाचं पाणी गोठलं होतं. एमिलची बोटं जांभळी पडली.

“पेटव तिला,” तो म्हणाला.

“वेड लागलंय? दोघं जळून मरू!”

“मी सिलिंडर घेऊन खोलीत बसतो. दार घट्ट लाव. धुरांडं खोलीच्याच भिंतीतून जातं. विटा तापल्या की मला ऊब मिळेल.”

“मला येत नाही रे ती पेटवायला!”

“सांगतो ना. जा.”

ॲग्नेसनं दार लावलं, खालच्या फटीत टॉवेल कोंबला. परसातल्या टोमॅटोच्या काठ्या मोडून तिनं माझ्यात रचल्या. आधी लाकूड धडाडलं, मग तिनं पूर्वीचा उरलेला कोळसा ओतला. नुसता धूर झाला.

दाराआडून आवाज आला, “वरून ढोसतेयस ना? सवत आहे म्हणून ढोसू नकोस. खालचा दांडा हलव.”

“मेल्या, आत्ता चेष्टा सुचतेय तुला?”

तो हसला. हसण्याचा खोकला झाला. मग खोकलाही थांबला.

“एमिल?”

ती दाराशी धावली.

“एमिल, बोल ना!”

तिनं दाराच्या मुठीवर हात ठेवला, मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. माझ्यात आता कोळशानं पेट घेतला होता. विझता येणं माझ्या हातात असतं तर त्या क्षणी मी विझले असते.

मग भिंतीवर टकटक झाली.

“कोमट लागतेय गं,” एमिल म्हणाला.

ॲग्नेस माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि तोंडाला पदर लावावा तसा ॲप्रन लावून रडली.

दुपारी माणसं स्ट्रेचर घेऊन चालत आली. तो वाचला, पण घरी परतला नाही. ईस्टरच्या आधी हॉस्पिटलातच त्याचे डोळे मिटले.

यंत्र परत गेलं, नळी गुंडाळून गेली. आता मला पेटवायला कसलीच आडकाठी उरली नाही. तरी ॲग्नेस पेटवत नाही. मुलीनं, लोरेननं, गॅसचा हीटर बसवून दिला.

“आई, ही भंगारात देऊ या.”

“हात लावू नकोस तिला.”

“मग पेटव तरी!”

“तेही नाही.”

दर शनिवारी ॲग्नेस मला काळं पॉलिश करते. दार उघडते, आत बघते, लावते. आता माझ्याशी बोलतेही. मी चकचकीत दिसते आणि आतून बर्फ आहे.

ॲग्नेस, बाई, तुझं दुःख मला कळतं, पण मला देव्हारा करू नकोस. एक तर माझ्यात विस्तव घाल, नाहीतर हे सिमेंट फोड आणि जाऊ दे मला भंगारात. वितळवतील, वितळवू देत. तिथे निदान आग तरी असेल.