विकत घेतलेले आजोबा

चष्मेवाल्याने पहिला चाकू घेतला तो स्वतःला चाळिशी लागल्यावर. घडीचा, जुन्या बनावटीचा, शिंगाच्या मुठीचा चाकू. एक मोठं पातं, एक लहान, आणि दोन्हींवर नखाने ओढायला बारीक खाच. कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात काचेखाली पडून होता. तो कुठून आला हे कुलूपवाल्याला आठवत नव्हतं, आणि आठवून सांगण्याची हौसही नव्हती. "चांगलाय," एवढंच म्हणून तो पुन्हा किल्ली घासायला लागला.

घरी आल्यावर चष्मेवाल्याने चाकू उघडला, मिटला, उघडला, मिटला. मिटताना खट् असा आवाज यायचा. एखाद्याने शेवटचं मत देऊन तोंड मिटावं तसा.

"कापतो का?" बायकोने विचारलं. ती फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे दुमडून आणि सरळ करून आलेल्या बाईला दुमडणाऱ्या वस्तूचं काय कौतुक असणार?

"हा कापायचा नाही."

"मग कशाचा आहे?"

"क्लासिक आहे."

"असेल," ती म्हणाली आणि बिस्किटांचा पुडा दाताने फोडला.

कारण

कारण दुकानात दिवसभर लोक त्याच्यासमोर बसायचे आणि त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. बघायचे ते त्याच्या मागच्या अक्षरांच्या तक्त्याकडे. "हे बरं दिसतंय की हे? आता हे की हे?" एवढं एकच संभाषण तो वर्षानुवर्षं करत आला होता, आणि त्यात त्याचं स्वतःचं मत कुणी विचारलं नव्हतं. माणसाला कुठेतरी भाव हवा असतो. काहींना तो घरी मिळतो. त्याच्या घरी बायको होती.

रविवारी सकाळी जनावरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात चाकू जमवणाऱ्यांचं मंडळ भरायचं. त्या दिवशी दवाखाना बंद असे. बाहेरच्या खोलीत कुत्र्यांचं वजन करायचा काटा, भिंतीवर मांजराच्या आतड्यांचं रंगीत चित्र, आणि बसायला एक लाकडी बाक व एक सोफा.

मंडळात चाकूंच्या दोन जाती होत्या. वाडवडिलांकडून आला तो घरचा. पैसे टाकून आणला तो बाजारचा. घरच्या चाकूवाले सोफ्यावर बसत, बाजारचे बाकावर. सोफ्यावर चहा कपातून जायचा, बाकावर कागदी पेल्यातून. नियम कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो बदला असंही कुणाला म्हणता येत नव्हतं. सोफ्यावर स्वतः डॉक्टर होते, अध्यक्ष म्हणून. शेजारी बेकरीवाला, आणि त्याच्या शेजारी एक जागा रिकामी.

पाहुणा म्हणून आला होता तेव्हा चष्मेवाला बाकावर बसून त्या रिकाम्या जागेकडे बघत होता. तिच्यावर मांजराचे केस होते. तरीही.

चाकू घेऊन आला त्या रविवारी डॉक्टरांनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. सगळे थांबले.

"कुणाचा?"

हे बरं दिसतंय की हे?

"आजोबांचा," चष्मेवाला म्हणाला.

म्हणजे

म्हणजे आजोबा खरे होते. तेवढी बाजू भक्कम होती.

"काय करायचे आजोबा?"

"टपाल खात्यात होते. पत्रं लावायला."

"आणि चाकू?"

"पार्सलांच्या सुतळ्या कापायला."

"वा," बेकरीवाला म्हणाला आणि सोफ्यावर थोडा सरकला.

खरे आजोबा सुतळीच्या गाठी नखाने सोडवायचे, सुतळी गुंडाळून ठेवायचे, आणि कुणी ती कापली तर आठवडाभर घर डोक्यावर घ्यायचे. धारदार म्हणावी अशी त्यांची एकच वस्तू होती, जीभ. मागे त्यांनी कवळी ठेवली आणि एक छत्री, तीही शेजाऱ्यांची निघाली.

पण चहा कपातून आला. बशीसकट. चष्मेवाल्याने तो इतका हळू प्यायला की निवला.

पण

पण डॉक्टरांना फोटो काढायची वाईट सवय होती. चष्मेवाला सोफ्यावर, हातात उघडा चाकू, चेहऱ्यावर वारसाहक्काचं तेज. खाली ओळ: 'तीन पिढ्यांची धार'. फोटो मंडळाच्या पानावर गेला, तिथून कुणाच्या तरी सुनेकडे, आणि संध्याकाळपर्यंत 'आपली माणसं' नावाच्या घरच्या गटावर.

आत्या: हा चाकू ओळखला का कुणी

आत्या: बाबांचा आहे

चुलत बहीण: अय्या खरंच

धाकटा भाऊ: आजोबांकडे चाकू होता??

आत्या: तू तेव्हा जन्मला नव्हतास

धाकटा भाऊ: मग दादाकडे कसा गेला

आत्या: तेच विचारायचंय

काका: 👍

चष्मेवाल्याने फोन पालथा ठेवला. फोन पालथाच वाजला.

"बाळ, जेवलास का?" आत्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. आयुष्यभर लोकांना जोडून दिलेल्या त्या आवाजापुढे फोन ठेवून देण्याची हिंमत घरात कुणाची झाली नव्हती.

"हो आत्या."

"बरं झालं. बाबांचा चाकू तू कधी उचललास?"

"आत्या, तो आजोबांचा नाहीये. मी विकत घेतलाय."

"कुणाकडून?"

"कुलूपवाल्याकडून."

"आणि त्या लोकांना आजोबांचा म्हणून सांगितलंस."

"हो."

"म्हणजे त्यांच्याशी खोटं बोललास."

"हो, म्हणजे तसं..."

"आणि माझ्याशी खरं बोलतोयस."

"हो."

पलीकडे आत्याने श्वास सोडला. "तुझा बाप असाच होता. वाटणीची वेळ आली की त्याला सगळं स्वतः विकत घेतलेलं आठवायचं. आईचं शिवणयंत्र असंच गेलं."

"आत्या, आजोबांकडे चाकूच नव्हता गं."

"मुठीला खालून टवका उडालाय. उडालाय की नाही, बघ."

त्याने बघितलं. उडाला होता. आत्याला हे कसं कळलं, म्हणून त्याने चाकू पुन्हा फिरवून बघितला. टवका फोटोत चांगला ठळक दिसत होता, आंधळ्यालाही दिसला असता; पण लोकांना लांबचं आणि जवळचं दाखवून पोट भरणाऱ्या या माणसाला ते सुचलं नाही.

"रविवारी येते मी," आत्या म्हणाली. "तुझ्या त्या मंडळातच येते. चारचौघांत झालेलं बरं."

शिवाय

"देऊन टाक," बायको म्हणाली. ती गादीवर पालथी पडून स्वतःचीच कंबर ताणत होती.

"का म्हणून? माझा आहे तो. मी शोधलाय."

"मग मंडळात सांग तसं."

त्याने चाकू उघडला, मिटला.

"चाकू हवा, आजोबा हवेत, सोफा हवा, फक्त आत्या नको," बायको उशीत तोंड ठेवून म्हणाली. "सुटं मिळत नाही ते. सगळं एकत्रच येतं."

"तू माझ्या बाजूने आहेस की आत्याच्या?"

"मी गुडघ्यांच्या बाजूने आहे. झोप."

तरीही

रविवारी आत्या आली, पर्स मांडीवर घेऊन थेट सोफ्यावर बसली. चष्मेवाल्याच्या जागेवर. तिथे बसायला काय लागतं हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिला विचारण्याचं धाडसही कुणी केलं नाही. चष्मेवाला वजनकाट्याच्या कडेला उभा राहिला.

"बाबा संध्याकाळी कामावरून आले की आधी हात धुवायचे," तिने सुरुवात केली. "मग खिशातून चाकू काढून फडक्याने पुसायचे. मग म्हणायचे, आणा. आम्ही पेन्सिली घेऊन रांगेत उभे. थोरल्याची पहिली. माझी सगळ्यात शेवटी, मी शेंडेफळ. पण माझ्या पेन्सिलीला सगळ्यात लांब टोक असायचं. थोरला जळायचा." तिने चष्मेवाल्याकडे पाहिलं. थोरला म्हणजे त्याचा बाप. "एकदा मी न विचारता घेतला. तेव्हा हे झालं."

तिने अंगठा वर केला. पांढरा, जुना व्रण.

तो व्रण पत्र्याच्या डब्याच्या झाकणाचा होता. लहानपणी चष्मेवाला डबा उघडायला गेला की हीच आत्या हाच अंगठा त्याच्या नाकासमोर नाचवायची. त्याला सगळं स्पष्ट आठवत होतं. पण त्याचबरोबर, ती बोलत असताना, त्याला आजोबाही दिसत होते: खुर्चीत वाकलेले, मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर लाकडाच्या कुरळ्या साली. आजोबा त्याच्या आठवणीत कधी इतके चांगले वागले नव्हते.

बेकरीवाल्याने रुमाल काढला.

"तर माझं म्हणणं एवढंच," आत्या म्हणाली, "थोरल्याच्या घरात एवढी वर्षं राहिला, आता माझ्याकडे यावा."

डॉक्टरांनी मान हलवली. बाकावरच्यांनीही हलवली. चष्मेवाल्याला समजलं की आता गप्प राहिलो तर चाकू गेला आणि तोंड उघडलं तर सोफा गेला. सोफ्यावर तर आधीच कुणीतरी बसलेलं होतं. तो एक पाऊल पुढे आला आणि काट्यावरच चढला. काट्याने त्याचं वजन दाखवलं.

"हा चाकू आमच्या आजोबांचा नाही," तो म्हणाला. "मी तो कुलूपवाल्याच्या दुकानातून आणला. तुमच्याशी मी खोटं बोललो. बाजारचा आहे."

त्याला वाटलं होतं, खोली हादरेल. निदान कुणीतरी चहा सांडेल. तसं काही झालं नाही. बेकरीवाल्याने रुमालाची घडी घातली, मग घडीची घडी घातली. डॉक्टर मांजराच्या आतड्यांकडे बघत राहिले.

"असं कुणीही उठून म्हणायला लागलं," डॉक्टर अखेर म्हणाले, "तर मंडळ चालायचं कसं?"

"पण खरंच बाजारचा आहे. दुकान दाखवतो चला."

"बाईंच्या अंगठ्यावर व्रण आहे. तुमच्याकडे काय आहे?"

"ते झाकणाने..."

"काय झाकणाने?" आत्या म्हणाली.

चष्मेवाला काट्यावरून खाली उतरला. बाकावरून कुणीतरी घसा खाकरला. "मी म्हणतो, या निमित्ताने सोफ्यावरच्या सगळ्यांनाच एकदा विचारून घेऊ या का? कुणाचा कुठून आला ते."

"विषय बदलू नका," बेकरीवाला म्हणाला. इतक्या घाईने म्हणाला की बाकावर सगळे एकदम ताठ बसले.

"आत्याला द्यायची वेळ आली की माणूस काय काय बोलतो," डॉक्टर चष्मेवाल्याला म्हणाले, अगदी प्रेमाने, एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्याशी बोलावं तसं. "आम्ही समजून घेतो. द्या तो बाईंना."

त्याने दिला. आत्याने पातं उघडायला नख लावलं, नख घसरलं. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. मग तिने चाकू त्याच्यासमोर धरला. "उघडून दे रे." त्याने उघडून दिला. मंडळात कुणालाच त्यात काही विचित्र दिसलं नाही.

आत्याला चहा आला. कपातून. पुढच्या रविवारी येते, असं तिने कुणी न विचारताच सांगितलं, आणि बेकरीवाला तिच्यासाठी आणखी सरकला.

चष्मेवाला बाकावर बसला. शेजारच्याने त्याला कागदी पेला दिला आणि हळूच विचारलं, "त्या कुलूपवाल्याचं दुकान कुठे म्हणालात?"

म्हणून

आठवडाही लोटला नाही तोच काकांचा फोन आला. काका दुसऱ्या शहरात राहायचे, आणि गटावर अंगठ्यापलीकडे कधी गेले नव्हते. त्यामुळे त्यांचा आवाज ऐकून चष्मेवाल्याला आधी ओळखच पटेना.

"दोन होते," काका म्हणाले.

"काय दोन?"

"चाकू. थोरल्याच्या आणि तिच्या पेन्सिली शिंगाच्या मुठीच्याने. माझ्या पांढऱ्या मुठीच्याने. तो कुठेय?"

चष्मेवाल्याने डोळे मिटले. खरं बोलून झालं होतं. त्याचं काय होतं ते बघून झालं होतं.

"पुढच्या महिन्यात येतोच आहे," काका म्हणाले. "सापडेल तुला. तुझ्या बापाच्या घरात सगळं सापडतं. नीट शोधलं की."

"बघतो काका."

जुन्या वस्तूंचा बाजार रस्त्याच्या एका कडेने लांबवर पसरला होता. टेलिफोन, कुलपं, अर्धे कंगवे, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. एका बाईने चादरीवर चाकू मांडले होते. तिने पांढऱ्या मुठीचा एक उचलून पुढे केला. मूठ गुळगुळीत, पातं चकचकीत, मागे बूच काढायचा पिळाचा स्क्रू.

"हा घ्या. बाटलीचं बूचही निघतं याने."

चष्मेवाल्याने तो उघडला, मिटला. आवाज चांगला होता. काकांना चालला असता. काकांना कुठलाही चालला असता. त्याने मूठ बोटांनी चाचपली आणि चाकू परत ठेवला.

"नको. आमच्या आजोबांनी असला खिशात ठेवला नसता."

"मग कसला ठेवायचे?"

तो चादरीसमोर उकिडवा बसला आणि चाकू एकेक करून उघडून बघायला लागला. बाई त्याच्या हातांकडे नव्हे, चेहऱ्याकडे बघत होती.

"साधा," तो म्हणाला. "पेन्सिलींना टोक काढायला. आम्ही सगळी नातवंडं रांगेत उभी असायचो."