आत्याच्या सहीचा कागद

“साहेब, बाईला न विचारता तिच्या पोटात तांबी बसवता येते का?”

विचारलं एकदाचं! वर्गातल्या हर्षिता आणि स्नेहानं डिवचलं होतं, “तू न्हाई विचारत, मल्ली. तुझी टरकंल.” शाळेत आरोग्य खात्याचे साहेब मुलींना रक्तवाढीच्या गोळ्या द्यायला आले होते. हेडबाईंचे डोळे बाहेर यायचे तेवढे बाकी राहिले.

साहेब हसले. “सहीशिवाय आम्ही काही करत नाही, बाळ. विश्वास नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाक.”

टाकला!

माझी नेत्रावती आत्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली, तेव्हाच पाळणा लांबवायची तांबी तिला बसवून टाकली. आधी विचारलं नाही, नंतर सांगितलंही नाही. पोट दुखून दुखून शेवटी उदगीरला सोनोग्राफी केली, तेव्हा कळलं. तिचा नवरा, म्हणजे आमचे मामा म्हणाले, “चोरून बसवलीस, वर खोटं बोलायलीस.” आणि लेकरासकट तिला आमच्या दारात आणून सोडलं.

म्हणून मी एवढंच मागितलं होतं, आत्यानं सही केलेला कागद दाखवा.

आमचा तालुका कर्नाटकात, म्हणून उत्तर कन्नडात आलं. रुग्णाची माहिती खाजगी आहे म्हणे. रुग्णाची लेखी संमती जोडा म्हणे.

संमती! माझ्या अंगाची नुसती आग आग झाली. कागदाची झेरॉक्स द्यायला बाईला विचारायचं, आणि तिच्या पोटात काय घालायचं ते नाही विचारायचं? मी ओरडायलाच लागले.

अप्पांनी दार लावलं. “हळू बोल गं. घरातली गोष्ट गावात कामून न्यायलीस?”

“गावात मामांनी नेली, अप्पा. आत्या खोटारडी हाय म्हणून सांगत फिरायलेत.”

आई म्हणाली, “सोयऱ्यांत शोभा नको. आत्या माफी मागंल, मामा घेऊन जातील.”

“माफी? कशाची?”



आत्या आत पोराला भरवत होती. सगळं ऐकू जात होतं तिला. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि एकच गोष्ट विचारली.  तिनं पोराचं तोंड पदरानं पुसलं.

“व्हय,” ती म्हणाली. “पेन दे.”

मी बाहेर आले.

“अप्पा, आई, उद्या मी शाळेला जाणार न्हाई. आत्याला घेऊन तालुक्याला जायलेय. आता अर्ज तिच्याच नावानं, तिच्याच सहीनं. आणि तिला विचारलंय मी.”